मातीतून वळवळत वर आलेला तो कोण? संघापासून जातीपर्यंत पोहोचण्याची रीत

पावसाळ्यात परसातली कुंडी उचलली, पालापाचोळ्याचा ढीग उपसला किंवा भाताच्या बांधाची माती ओढली की हमखास एखादा लांबट, बिनपायांचा, तपकिरी प्राणी वर येतो. कुणी म्हणतं गांडूळ, कुणी सापाचं पिल्लू, कुणी दुतोंड्या. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात या वर्णनात बसणारे निदान चार प्राणी एकाच वाडीत सापडू शकतात: गांडूळ, देवगांडूळ, वाळा आणि खापरखवल्या. पहिल्याला पाठीचा कणाच नाही. दुसरा बेडकाच्या नात्यातला. उरलेले दोघे साप, पण वेगवेगळ्या कुलांतले.

वर्गीकरण शिकायचं तर या चौघांइतके चांगले मास्तर नाहीत, कारण इथे आकारावर विसंबलं की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. खुद्द कार्ल लिनियसचा घसरला होता. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात ज्या ग्रंथापासून मोजतात, त्या १७५८ सालच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवगांडुळांना सरळ सापांच्या रांगेत बसवलं आणि गांडुळाला ‘व्हर्मिस’ नावाच्या पोत्यात टाकलं. त्या पोत्यात जंत, गोगलगाई आणि तारामासे असं काहीही होतं. मातीत बीळ करून राहणाऱ्या कुठल्याही प्राण्याला पाय अडचणीचे आणि डोळे बिनकामाचे. त्यामुळे अगदी वेगळ्या वंशांतले प्राणी शेवटी दोरीसारखे दिसू लागतात. तेव्हा प्रश्न ‘हा कसा दिसतो’ एवढाच ठेवू नका. ‘याच्या अंगावरची कोणती खूण पूर्वजाकडून आलेली आहे आणि कोणती राहणीमुळे’ हे विचारा.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

शालेय पुस्तकातली उतरंड अशी: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती वरची आणि जाती खालची. वर्तमानपत्रांत मात्र ‘नव्या प्रजातीचा शोध’ असं छापतात तेव्हा बहुतेक वेळा जातीच म्हणायची असते. याने नोंदींचा फार गोंधळ होतो. एका प्रजातीत अनेक जाती असतात, आणि शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, तर दोन्ही शब्द मिळून जातीचं नाव होतं. इथे शेवटपर्यंत पाठ्यपुस्तकातला अर्थच वापरला आहे.

दुसरी गोष्ट, या पायऱ्या मापाच्या नाहीत. गांडुळांचं एक कुल आणि सापांचं एक कुल ‘तेवढंच मोठं’ किंवा ‘तेवढंच जुनं’ असा अर्थ काढू नका. पायरी म्हणजे गटाच्या आत गट ठेवण्याची सोय, इतकंच.

हात लावण्यापूर्वी

हातात काठी किंवा लांब दांड्याचा चमचा, एक पसरट पारदर्शक प्लास्टिकचा डबा, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, सराफ वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि मोबाईल एवढं पुरतं. डब्यात मूठभर ओली माती किंवा ओला टिश्यूपेपर ठेवा.

उघड्या हाताने उचलू नका. कारण एक: पोवळा नावाचा विषारी साप याच मापाचा असतो. त्याची लांबी साधारण फूटभर, जाडी पेन्सिलीपेक्षा कमी, रंग तपकिरी, डोकं काळं आणि शेपटीवर दोन काळी कडी. घाईत तो वाळ्यासारखा वाटतो. मण्यारीचं पिल्लूही लहानच असतं. कारण दोन: देवगांडूळ आणि गांडूळ दोघंही ओल्या कातडीतून श्वास घेतात. घामट हातातलं मीठ त्यांना सोसत नाही, आणि देवगांडुळाच्या कातडीतला स्राव तुमच्या डोळ्यांना झोंबू शकतो.

डबा जमिनीवर आडवा धरा, काठीने प्राण्याला आत सरकू द्या, झाकण लावा. मग डबा वर उचलून खालून पोट पाहा. प्राणी ओळखण्याच्या निम्म्या खुणा पोटाकडेच असतात, आणि पारदर्शक डब्यामुळे त्या न शिवता दिसतात. पोटाखाली आडव्या, रुंद खवल्यांच्या पट्ट्या एकामागोमाग दिसल्या तर तो साप विषारीही असू शकतो. तिथेच थांबा, फोटो काढा, डबा सावलीत उघडा ठेवून दूर व्हा. घरात असेल तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवा. साप मारणं, पकडून पाळणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

तपासणीला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावू नका. उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात लहान प्राणी काही मिनिटांत मरतो.

फोटो कोणते

एकच सुंदर फोटो काढून भागत नाही. सात लागतात: पूर्ण शरीर पट्टीसकट, डोकं वरून, डोकं बाजूने, डोकं खालून, शरीराचा मधला भाग जवळून, पोट आणि शेपटीकडचं टोक खालून. नाणं मापासाठी ठेवू नका. नाण्यांचे आकार बदलत राहतात आणि परदेशातल्या तज्ज्ञाला एक रुपयाचं नाणं केवढं हे ठाऊक नसतं. फ्लॅशमुळे ओल्या किंवा गुळगुळीत अंगावर पांढरा डाग पडतो आणि नेमक्या खवल्यांच्या कडा पुसल्या जातात, म्हणून सावलीतला दिवसाचा उजेड बरा.

आता चावी लावू

जीवशास्त्रज्ञ ओळख पटवायला ‘द्विभाजी चावी’ वापरतात. प्रत्येक पायरीवर दोन विधानं, त्यातलं एक निवडायचं, ते ज्या क्रमांकाकडे पाठवेल तिकडे जायचं. नियम दोनच पण कडक: दोन्ही विधानं पूर्ण वाचल्याशिवाय निवड करायची नाही, आणि खूण दिसतच नसेल तर अंदाजाने उत्तर न देता दोन्ही वाटा चालून पाहायच्या. चुकीची वाट बहुधा दोन-तीन पायऱ्यांत अशक्य वर्णनापाशी येऊन अडते.

१क. पाय आहेत, कितीही छोटे असोत: खालची ‘पाय असतील तर’ ही टीप वाचा.
१ख. पाय अजिबात नाहीत: २ कडे.

२क. अंगावर कोरडे, चकचकीत, एकावर एक चढलेले खवले: सरीसृप, ५ कडे.
२ख. बाहेरून खवले दिसत नाहीत, अंग ओलसर: ३ कडे.

३क. दोन नाकपुड्या आणि हाडांचं घट्ट डोकं दिसतं, तोंड थोड्या खालच्या बाजूला: उभयचर, देवगांडूळ.
३ख. नाकपुड्या नाहीत, डोकं असं वेगळं काढता येत नाही: ४ कडे.

४क. अंगभर वळी, म्हणजे कड्यामागे कडं: वलयी प्राणी. दोन्ही टोकांना चूषक असेल तर जळू, नसेल तर गांडूळ.
४ख. वळी नाहीत: अंग चपटं, बुळबुळीत आणि डोकं अर्धचंद्रासारखं असेल तर बायपॅलियम हा जमिनीवरचा चपटा कृमी. काळ्या-तपकिरी तारेसारखं, जेमतेम एक मिलिमीटर जाड असेल तर अश्वकेश कृमी, जो बहुधा नाकतोडा किंवा प्रार्थनाकीटकाच्या पोटातून बाहेर आलेला असतो.

५क. पोटाचे खवले पाठीच्या खवल्यांएवढेच, डोळा म्हणजे खवल्याखाली दिसणारा काळा ठिपका: वाळा.
५ख. पोटाचे खवले पाठीच्या खवल्यांपेक्षा रुंद: ६ कडे.

६क. पोटाचे खवले किंचितच रुंद, डोकं निमुळतं, शेपटी तिरकी छाटल्यासारखी आणि तिथले खवले खरखरीत: खापरखवल्या.
६ख. पोटाखाली रुंद आडव्या पट्ट्या: इतर साप. इथे ही चावी संपते आणि तुमचं डब्याजवळचं कामही.

पाय असतील तर: प्रत्येक कड्यावर पायांच्या दोन-दोन जोड्या म्हणजे वाणी ऊर्फ पैसा किडा, एकेक जोडी म्हणजे गोम. पुढे पायांच्या तीन सांधेदार जोड्या आणि शरीर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखं वळलेलं असेल तर भुंग्याची अळी. उसाच्या आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याला हुमणी वेगळी सांगायला नको. तीन खऱ्या जोड्यांच्या मागे मांसल टेकूंच्या पाच किंवा कमी जोड्या असतील तर फुलपाखराचा किंवा पतंगाचा सुरवंट, सहा किंवा जास्त असतील तर सॉफ्लाय या गांधीलमाशीच्या नात्यातल्या कीटकाची अळी. खवले आहेत आणि चार चिमुकले पायही आहेत, तर ती सापसुरळी. काही सापसुरळ्यांचे पाय इतके छोटे की पळताना दिसतच नाहीत. पापण्यांची उघडझाप होते का आणि कानाचं भोक आहे का ते पाहा. सापाला दोन्ही नसतात.

आणखी एक सोपी चाचणी: लांबी बदलते का? गांडूळ चालताना ताणून दीडपट होतं आणि पुन्हा आखडतं. सापाची लांबी बदलत नाही. गांडूळ कोरड्या कागदावर ठेवलं तर बारीक खसखस ऐकू येते, ती त्याच्या अंगावरच्या दृढरोमांची, म्हणजे बारीक ताठ केसांची. देवगांडूळ कागदावर गुळगुळीत सरकतं, आवाज येत नाही.

गांडूळ: पट्टा मोजल्याशिवाय नाव नाही

गांडूळ वलयी संघातलं, एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात, आणि नेमकी पुढची पायरी गंमतीची आहे. जुन्या पुस्तकांत गांडुळांचा एक वर्ग आणि जळवांचा दुसरा वर्ग असे समान दर्जाचे गट असतात. नात्यांचा अभ्यास झाल्यावर कळलं की जळवा गांडुळांच्याच घराण्यातून निघालेल्या आहेत. तेव्हा ‘जळवा वगळून उरलेली सगळी गांडुळं’ हा गट म्हणजे आजोबा आणि नातवंडं धरून फक्त एका काकाची शाखा गाळल्यासारखा. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिगने १९५० साली मांडलेला नियम इथे कामाला येतो: गट धरायचा तर एक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज. म्हणून आता दोघांना मिळून क्लायटेलाटा म्हणतात, अंगावरच्या जाड पट्ट्यावरून. तो पट्टा म्हणजे पर्याणिका. प्रौढ गांडुळाच्या अंगावर कातडी फुगून बँडेज गुंडाळल्यासारखी दिसते ती.

जातीपर्यंत जायचं तर पर्याणिका कितव्या खंडावर आहे ते मोजावं लागतं. तोंडावरचं छोटं बोंड खंड म्हणून धरायचं नाही. तोंड ज्या कड्यात उघडतं तो पहिला खंड. तिथून भिंगाखाली मोजत या, किंवा फोटो मोठा करून पर्याणिकेपासून पुढे मोजा. पुढे तेरा खंड उरले तर ती चौदाव्यापासून सुरू होते.

पाठ्यपुस्तकातलं ‘फेरेटिमा’, आजच्या नावाने मेटाफिरे पोस्थुमा, याची पर्याणिका १४ ते १६ खंडांवर आणि सगळ्या बाजूंनी गुळगुळीत कड्यासारखी. एकूण खंड १०० ते १२०, दृढरोम प्रत्येक खंडाभोवती पूर्ण गोल रांगेत. पहिल्या, शेवटच्या आणि पर्याणिकेच्या खंडांवर ते नसतात. नराचं जननछिद्र अठराव्या खंडाच्या पोटाकडे, दोन्ही बाजूंना एकेक.

गांडूळखताच्या वाफ्यातले बहुधा वेगळेच. आयसेनिया फेटिडा लालसर, मधे पिवळट पट्टे. दृढरोम प्रत्येक खंडावर फक्त आठ, जोड्याजोड्यांनी. पर्याणिका खोगिरासारखी, पोटाकडे उघडी, २४ ते २६ यांपैकी एका खंडापासून ३२ व्यापर्यंत. पेरिओनिक्स एक्सकॅवेटसची पर्याणिका १३ ते १७ वर आणि दृढरोम गोल रांगेत. विकत आणलेल्या ‘आफ्रिकन’ गांडुळांची, म्हणजे युड्रिलस युजेनिएची, १३ किंवा १४ पासून १८ पर्यंत, पण दृढरोम आठच. म्हणजे दोन प्रश्नांत चौघं वेगळी होतात: दृढरोम आठ की गोल रांग, आणि पट्टा कुठून कुठवर.

इथे दोन चुका हटकून होतात. एक, पर्याणिका नसलेलं पोरगेलं गांडूळ घेऊन नाव शोधत बसणं. पिल्लाचं जातीपर्यंत नाव बाहेरून लागत नाही, मोठं गांडूळ शोधा. दुसरी, मेलेल्या, आखडलेल्या गांडुळाचे खंड मोजणं. एकेका खंडावर दुय्यम चुण्या पडतात आणि आकडा फुगतो. जिवंत, ताणलेल्या गांडुळावरच मोजा. प्रयोगशाळेत नमुना ठेवायचा असेल तर पाण्यात थोडंथोडं अल्कोहोल घालत सुमारे १० टक्क्यांवर नेऊन आधी त्याला सुन्न करतात, सरळ ताठ झाल्यावर मगच टिकवतात. थेट तीव्र द्रावात टाकलं की ते वेटोळं होऊन तुटतं. डीएनए तपासायचा असेल तर फॉर्मेलिन टाळून ९५ टक्के किंवा अधिक तीव्र इथाइल अल्कोहोल वापरतात, कारण फॉर्मेलिनमुळे डीएनएचे तुकडे होतात.

एक जाता जाता. गोम, वाणी यांच्या अंगावरही कडी असतात म्हणून संधिपाद आणि वलयी प्राणी जवळचे नातलग, असं अनेक दशकं शिकवलं गेलं. १९९७ पासून जनुकीय पुराव्याने ते चित्र बदललं: संधिपाद हे कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या शाखेत, गोल कृमींच्या सोबत, आणि वलयी प्राणी मृदुकायांच्या शेजारी. म्हणजे गांडूळ गोमेपेक्षा गोगलगाईला जवळचं. कड्यांनी पुन्हा फसवलं.

देवगांडूळ: उभयचरांचा तिसरा गण

बेडकांचा गण, सॅलॅमँडरांचा गण आणि तिसरा जिम्नोफिओना, म्हणजे देवगांडुळांचा. पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. अंगावर वळी असतात पण ती कातडीच्या घड्यांची. काही जातींत त्या घड्यांच्या आत बारीक खवले दडलेले असतात, बाहेरून मात्र दिसत नाहीत, म्हणून चावीत ‘बाहेरून’ हा शब्द मुद्दाम आहे. सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान असलेली चिमुकली स्पर्शिका. जगात दुसऱ्या कुठल्याही कणाधारी प्राण्याला ती तशी नाही. भिंगाने डोक्याच्या बाजूला पांढुरका ठिपका किंवा बारीक टोक शोधा. स्पर्शिका आत ओढलेली असली तरी तिचं भोक दिसतं.

मग प्रजाती. डबा खालून पाहा. गुदद्वाराच्या मागे छोटी का होईना शेपटी आहे, डोळा कातडीखाली स्पष्ट दिसतो आणि वळी दाट, शेकड्यांनी आहेत, तर इक्थिओफिस. शेपटी नाही आणि डोळा हाडाखाली झाकलेला आहे, तर गेगेनिओफिसच्या दिशेने विचार करा. इक्थिओफिसमध्ये अंगाच्या बाजूने पिवळा पट्टा आहे की नाही ही जाती शोधताना पहिली विभागणी. महाराष्ट्रातला इक्थिओफिस बॉम्बेएन्सिस बिनपट्ट्याचा.

सह्याद्रीतले देवगांडूळ अगदी अलीकडे नोंदले गेले. २००३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून गेगेनिओफिस शेषाचारी आणि आंबोलीवरून गेगेनिओफिस डॅनिएली, २००४ साली कोयना परिसरातल्या हुंबरळीवरून इंडोटिफ्लस महाराष्ट्रएन्सिस. २००८ साली शेषाचारी हा अंडी न घालता पिल्लांना जन्म देतो असं प्रसिद्ध झालं. आशियातल्या देवगांडुळांत अशी ती पहिली नोंद. आणि ते ‘शेषाचारी’ आडनाव समजू नका: प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांच्या नावाला लॅटिन षष्ठीचा प्रत्यय लागलाय, म्हणजे ‘शेषाचारांचा’.

जुनं पुस्तक वापरत असाल तर यातल्या बऱ्याच जाती सिसिलिडी कुलात दिसतील. आता त्या कुलात फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले देवगांडूळ उरले आहेत. कुलाचं नाव नोंदवण्याआधी ‘ॲम्फिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्ड’ ही ऑनलाइन सूची पाहून घ्या.

वाळा: जिथे ‘जाती’ची व्याख्याच अडखळते

इंडोटिफ्लॉप्स ब्रॅमिनस. लांबी सहसा १५ सेंटिमीटरच्या आसपास, जाडी उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जास्त, शेपटीला बारीक काटा. कुंड्यांच्या मातीतून जगभर गेला, म्हणून त्याला ‘कुंडीतला साप’ म्हणणारे लोक दूर हवाई बेटांतही आहेत.

खवले मोजायची पद्धत इथे वेगळी. साध्या सापात पोटाची रुंद पट्टी सोडून पाठीच्या ओळी मोजतात. वाळ्यात पोटपट्टीच नाही, त्यामुळे अंगाभोवती पूर्ण फेरा मोजायचा. एका खवल्यापासून तिरक्या दिशेने सुरुवात करून परत त्याच ओळीपर्यंत या. अंगाच्या कुठल्याही भागात २० ओळी भरायला हव्यात. फोटोवरून मोजताना एका बाजूच्या ओळी दिसतात, दुप्पट करताना मधली ओळ दोनदा धरली जाते, ही नेहमीची चूक. नाकपुडीच्या खवल्यावरची खालची शिवण डोळ्यापुढच्या खवल्याला जाऊन मिळते, ही दुसरी खूण. तिला चांगला मॅक्रो फोटो लागतो. २० पेक्षा बऱ्याच जास्त ओळी, फूट-दीड फूट लांबी आणि पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं नाकाड असेल तर तो चंचुवाळा, ग्रिपोटिफ्लॉप्स ॲक्युटस, फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडणारा.

वाळ्याचा खरा तिढा पुढे आहे. या जातीत नर नाहीत. सगळ्या माद्या, गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, आणि नराशिवाय अंडी घालून स्वतःच्या प्रती काढणं. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरने १९४२ साली रूढ केलेली व्याख्या सांगते की आपसात प्रजनन करणारा गट म्हणजे जाती. इथे प्रजनन आपसात होतच नाही. मग ही जाती ठरवायची कशावर? खवले, डोक्याच्या ढाली, डीएनए यांच्या सारखेपणावर. जातीच्या अनेक व्याख्या का आहेत, हे समजावायला कुंडीतला हा काळा दोरा पुरेसा आहे.

आणि सावधान: ‘इंडोटिफ्लस’ देवगांडूळ, ‘इंडोटिफ्लॉप्स’ साप. दोन्ही नावांत ग्रीक ‘टिफ्लोस’, म्हणजे आंधळा. टाइप करताना एक-दोन अक्षरांनी वर्गच बदलतो.

खापरखवल्या

युरोपेल्टिडी कुल, श्रीलंका आणि भारतीय द्वीपकल्प एवढ्याच मुलखातलं. शेपटी मातीने लडबडलेली असते, कारण तिरक्या चकतीवरच्या खरखरीत खवल्यांत चिखल अडकतो आणि मागून येणाऱ्या शत्रूसाठी बिळाला बूच बसतं. ती धुतल्याशिवाय खूण दिसत नाही. ड्रॉपरने दोन थेंब पाणी सोडा, घासू नका. शरीराच्या मध्यावर पाठीच्या ओळी मोजा: १५ भरल्या तर युरोपेल्टिस मॅक्रोलेपिस, १७ भरल्या तर युरोपेल्टिस फिपसोनी असण्याचा संभव. (फिपसन हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव होते.) डोक्यामागे ओळी जास्त असतात, म्हणून मानेजवळ मोजलं तर हमखास चुकतं. नेमका मध्य पट्टीने काढा.

नाव लिहायची शिस्त

नोंद रोमन लिपीत करताना प्रजाती मोठ्या अक्षराने सुरू, जाती छोट्याने, दोन्ही तिरप्या अक्षरांत. पुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल. इथला कंस शोभेचा नाही. वाळ्याला फ्रान्स्वा-मारी दोदँने १८०३ साली ‘एरिक्स ब्रॅमिनस’ म्हटलं, म्हणजे आज मांडूळ ज्या प्रजातीत आहे तिच्यात टाकलं. नंतर तो टिफ्लॉप्स, मग रॅम्फोटिफ्लॉप्स, शेवटी इंडोटिफ्लॉप्स झाला. प्रजाती बदलली म्हणून आज लेखकाचं नाव कंसात येतं: (दोदँ, १८०३). पेरिओनिक्स एक्सकॅवेटस मात्र पहिल्यापासून त्याच प्रजातीत आहे, म्हणून पेरिए, १८७२ असं बिनकंसाचं. कंस दिसला की समजायचं, या प्राण्याचं घर एकदा तरी बदललेलं आहे आणि जुन्या पुस्तकात तो दुसऱ्या नावाखाली सापडेल. कुलाचं नाव ‘-इडी’ने संपतं, उपकुलाचं ‘-इनी’ने, हे प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनेच ठरवलंय. एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील तर सहसा जुनं टिकतं.

डीएनएकडे कधी वळायचं

२००३ साली कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने प्राण्यांसाठी सीओआय या मायटोकाँड्रियल जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा ‘बारकोड’ म्हणून सुचवला. उभयचरांत त्याच्या जोडीला १६एस हा तुकडाही सर्रास वापरतात. पण वन्यप्राण्याची ऊती घ्यायला वनविभागाची परवानगी लागते, आणि बारकोडचं उत्तर म्हणजे ‘साठ्यातल्या नोंदींपैकी हा सर्वांत जवळचा’ एवढंच. साठ्यात मूळ नमुनाच चुकीच्या नावाने चढवलेला असेल तर तुमच्या प्राण्यालाही तेच चुकीचं नाव मिळतं. मोबाईल ॲपच्या सुचवणीचंही तसंच. देवगांडुळाचे फोटो मुळात कमी, त्यामुळे ॲप अनेकदा गांडूळ किंवा साप सुचवून मोकळं होतं. ॲपने जाती सांगितली तरी खुणा स्वतः जुळवा.

पुरावा कुठवर, नाव तिथवर

खवले मोजता आले नाहीत, स्पर्शिका दिसली नाही, शेपटीचा फोटो धूसर आला, तर वरच्या पायरीवर थांबणं ही हार नव्हे. ‘युरोपेल्टिस, जाती अनिश्चित’ किंवा नुसतं ‘जिम्नोफिओना’ अशी नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. चुकीचं जातीनाम मात्र प्रसाराच्या नकाशावर खोटा ठिपका उठवतं, आणि तो पुसणं फार अवघड.

वहीत लिहायचं ते असं: तारीख आणि वेळ, गाव-तालुका-जिल्हा, अक्षांश-रेखांश दशांशात, समुद्रसपाटीपासूनची उंची, माती कशी आणि किती खोल, वर काय होतं (दगड, शेणखत, केळीचा बुंधा), लांबी मिलिमीटरमध्ये, मोजलेल्या ओळी किंवा खंड आणि ते कुठे मोजले, आणि चावीतली तुमची वाट, उदाहरणार्थ १ख, २ख, ३क. वाट लिहिलेली असली की चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते दुसऱ्याला पकडता येतं. नोंद झाली की प्राण्याला जिथून उचललं त्याच जागी, तोच दगड त्याच बाजूने ठेवून, ओल्या मातीवर सोडा.